मु. पो. बनाबाईची तूर

वाशी
दि. १३ जुलै १९८६

ती. आक्कास,
बाबूचा सप्रेम जयभीम वि. वि.

येरमाळ्याच्या ह्या वाशीला येऊन महिना झाला आणि पत्र आज लिहितोय. पहिली शिवी मी मनातल्या मनात खाल्ली आहे, तेव्हा थेट पुढचं वाच. नोकरी लागली. कायम नाही, रोजंदारीवरच आहे, पण काम असं आहे की दाजींना सांगितलंस तर ते म्हणतील, बारावी झालेलं पोरगं कामातनं गेलं. मी पाखराच्या पाठीवर रेडिओ बांधतो.

हसून घे. वाशीनं महिनाभर हसून घेतलंय. रोज कुणीतरी विचारतंच, की पाखरावर विविध भारती लागते का. लागत नाही. तो डबा नुसता टक्‌ टक्‌ करतो, ती टकटक आमच्या हातातल्या यंत्रात ऐकू येते. यंत्राला टीव्हीच्या एरियलसारखा सांगाडा आहे. तो फिरवत राहायचं, ज्या अंगाला आवाज मोठा येईल त्या अंगाला पाखरू. मागच्या आठवड्यात एका घरानं मला टीव्ही दुरुस्त करायला आत बोलावलं. चहा पाजला म्हणून मीही एरियल नीट करून दिलं.

पाखराचं नाव तणमोर. कोंबडीएवढंच असतं. नर काळाभोर, पंखावर पांढरं, कानामागं लांब तुरे. पावसाळ्यात गवतात येतो आणि दिवसाला चारशे-पाचशे वेळा सरळ वर उडी मारतो. मादीनं बघावं म्हणून. मादी बघते का देव जाणे, बंदूकवाला मात्र हमखास बघतो, त्यामुळं आता थोडेच उरलेत. पावसाळा सरला की ते कुठं जातात हे कुणालाच माहीत नाही. ते कळलं तर तिथलं गवत राखता येईल असं आमच्या शरणप्पा साहेबांचं म्हणणं. साहेब मुंबईच्या एका संस्थेचे, मूळचे कर्नाटकातले. लाडात आले की कानडी बोलतात, रागात इंग्रजी. मला अजून कानडी ऐकायला मिळालेली नाही.

गुंडाप्पा म्हणून एक म्हातारे आहेत, ते घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास लावतात. त्यांनी तीन नर धरून दिले. डबा सव्वा तोळ्याचा. आपल्या घरात एवढं सोनं कुणाच्या अंगावर चढलं नाही आणि इथं पाखरं मिरवतायत. साहेब म्हणाले, हा पक्षी फार दुर्मिळ आहे. मी म्हणालो, कायम नोकरीसुद्धा. ते हसले नाहीत.

दाजींना जयभीम. लोभ आहेच, पत्राला उशीर झाला म्हणून त्यात कपात करू नये.

तुझा,
बाबू


तामलवाडी
दि. २७ जुलै १९८६

चि. बाबू यास,
आक्काचा अ. उ. आ. व जयभीम.

तुझं पत्र म्या बालवाडी सुटल्यावर वट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. बालवाडीत शुद्ध बोलून तोंड आंबतं, म्हणून तुला आपलं घरचंच लिहिते, व्याकरण काढत बसू नको. तुझे दाजी ऐकून म्हणले, बाबू येडा झालाय का सरकार, तेवढं आदी इचारून घे. सरुबाईनं निरोप दिलाय की तिच्या मालकाच्या पाठीवर एक डबा बांधून मिळंल का. बाजारला गेला की दोन दोन दिस घावत न्हाय. एक जास्तीचा मागून ठिव.

आता माझं ऐक, ह्यात हसण्यासारखं कायी न्हाय. आपल्या गायरानाची तारीख लागली. बहात्तरच्या दुष्काळात आमी दिवसभर खडी फोडायचो आन सांजच्याला त्याच हातानं माळावरची दगडं उचलायचो, हे तू ल्हानपणी डोळ्यानं बघितलंस. आमची चार एकर, सरुबाईची तीन, अशी आपली सहा घरं तिथं चौदा वर्षं पेरून खात्यात. पर तलाठी पीकपाहणीला येतो तो हिंमतरावाच्या ओसरीवरच पाहणी करतो. चहा पितो आन आमच्या रानापुढं 'पड' लिहून जातो. गेल्या साली जाता जाता आमच्या तुरीच्या शेंगा खाऊन गेला, आन कागदावर जमीन पड.

हिंमतराव आता सहकारी कोंबडीपालन सोसायटीचा चेअरमन हाय. त्याला आमच्या गायरानावर कोंबड्यांची दुसरी शेड बांधायची हाय. पहिली बांधून तीन वर्षं झाली, अजून तिच्यात एक कोंबडी गेली न्हाय. त्यानं तुळजापूरला अर्ज दिलाय की जमीन मोकळी पडलीय, कुणी पेरत न्हाय, आन जे दिसत्यात ते उपटसुंभ हायत. डिसेंबरात तहसीलदारापुढं सुनावणी. आमी पेरतो असा एक तरी सरकारी कागद आणा, न्हायतर उठा, असं सांगितलंय. आता कागद म्या कुठून पैदा करू. जवारी उगवायची ठाऊक हाय, कागद उगवायचा ठाऊक न्हाय.

जमीन गेली तर परत दुसऱ्याच्या बांधावर खुरपं घेऊन उभं राहायचं. मला त्याची लाज न्हाय, पर दगडं म्या उचलल्यात बाबू. एवढंच डोक्यात फिरतंय.

जेवत जा. माया हाय ती हायच, पत्र लिव न्हायतर नको लिवू.

तुझी,
आक्का


वाशी
दि. ४ सप्टेंबर १९८६

ती. आक्कास,
बाबूचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून कागदाचाच विचार करतोय, अजून काही सुचलेलं नाही. तलाठ्याच्या पोटातल्या शेंगा पुरावा म्हणून दाखवता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथं आमचेही बारा वाजलेत. ऑगस्ट सगळा कोरडा गेला, गवत पिवळं पडलं. पहिला तणमोर कुत्र्यानं धरला, डबा बाभळीखाली सापडला. दुसऱ्याचा आवाज सरळ गावातनं येत होता. एरियल धरून माग काढत गेलो तो एका चुलीपाशी पोचलो. डबा फडताळात, पाखरू पोटात. त्या बाबानं साहेबांना शांतपणे विचारलं, ह्याला सेल कुठला लागतो. साहेब त्या दिवशी रात्रीपर्यंत इंग्रजीतच बोलले.

तिसरा राहिला होता. त्याला डबा बांधताना मी हातात धरला होता, त्याचं काळीज माझ्या बोटाखाली एवढं जोरात उडत होतं की मलाच धाप लागली. तो २९ तारखेला उडाला. यंत्राला तीन-चार मैलांपलीकडचं ऐकू येत नाही. जीप घेऊन येरमाळ्याच्या सगळ्या टेकड्या चढलो, काही नाही. साहेब जेवत नाहीत. मला वाटलं नव्हतं, पण मलाही घास जात नाही. कुठंतरी पाऊस बघून उतरला असेल. तुमच्याकडं पाठीवर तार असलेलं काळं पाखरू दिसलं तर कार्ड टाक. ही थट्टा आहे, पण टाक.

आशीर्वाद चालू ठेवावेत, खंड पडू देऊ नये.

तुझा,
बाबू


तामलवाडी
दि. १४ सप्टेंबर १९८६

चि. बाबू यास,
आक्काचा अ. उ. आ. व जयभीम.

तुझं पाखरू माझ्या तुरीत हाय.

थट्टा करत न्हाय. पोळ्याला आमच्याकडं दोन सरी चांगल्या झाल्या. तुझ्या ध्यानात असंल, तुरीच्या मधी आमी गवताचा एक पट्टा ठिवतो. बी पडूस्तर त्याला इळा लावत न्हाय, उन्हाळ्यात जनावरांला तेवढाच आधार. त्या गवतातनं परवा काय तरी काळं वर उडालं आन खाली पडलं. परत उडालं. दाजी म्हणले, गवतात बसून कुणी तरी छत्री वर फेकतंय. जवळ गेलो तर ह्यो काळा, पांढऱ्या पंखाचा, आन पाठीवर बारीक तार.

शंभर किलोमीटर आलंय ते. तुझ्या यंत्राला घावलं न्हाय आन माझ्या कार्डाला घावलं, साहेबाला सांग. दाजींनी त्याच्याकडं जरा येगळ्याच नजरंनं बघितलं, कढई किती मोठी लागंल ते मोजत होते. म्या म्हणले, त्याच्या पाठीवर बाबूची नोकरी बांधलीय, हात लावाल तर बघा. तवापासून तेच त्याची राखण करत्यात.

लौकर ये. भाकरी टाकून ठिवते.

तुझी,
आक्का


वाशी
दि. २० सप्टेंबर १९८६

ती. आक्कास,
बाबूचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं कार्ड वाचून मी पोस्टाच्या दारातच उडी मारली. पोस्टमन म्हणाले, आता तूच काय तो राहिला होतास. पण उडी मारून खाली आल्यावर घाम फुटला. कार्ड अजून खिशातच आहे, साहेबांना दाखवलेलं नाही.

कारण ऐक. पाखरू सापडलं की साहेब पहिलं काम करतील ते वनखात्याला लिहितील, की एवढी जमीन राखीव करा, नांगर बंद, माणसं बाहेर. इथल्या एका गायरानाबद्दल त्यांनी लिहिलंय, टाईप केलेलं मी वाचलंय. साहेब वाईट नाहीत. त्यांना पाखरू दिसतं आणि बाजूला खुरपणारं माणूस दिसत नाही, एवढाच त्यांच्या दुर्बिणीचा दोष. असं पत्र डिसेंबरच्या सुनावणीत गेलं तर तहसीलदाराला आयतं कारण मिळेल.

मी गप बसलो तर काम गुंडाळतील, मी घरी येईन. त्याचं काही नाही. पण ते पाखरू उद्या कुणाच्या तरी कढईत जाईल आणि ते कुठं जात होतं हे कधीच कळणार नाही. आक्का, मला दोन्ही पाहिजे. तुझी जमीनही आणि ते पाखरूही. तू गप राहा म्हणालीस तर मी गप राहीन, देवाशप्पथ म्हणणार होतो, पण आपल्यात ती सोय नाही.

उत्तर लगेच दे. उत्तर काहीही असलं तरी मला तुझाच समज.

तुझा,
बाबू


तामलवाडी
दि. २७ सप्टेंबर १९८६

चि. बाबू यास,
आक्काचा अ. उ. आ. व जयभीम.

पत्र दाजींना वाचून दावलं. दाजी म्हणले, बाबूला गप बस म्हणावं. खरं सांगते, म्या बी पहिल्यांदा तेच म्हणले.

पर ते आता आपल्या हातात राहिलं न्हाय. हिंमतराव राजदूतवरनं चालला होता, त्यानं पाखरू बघितलं. आता त्यो पक्षिप्रेमी झालाय. आमच्या बांधावर पाटी ठोकलीय, 'दुर्मिळ पक्षी, आत येण्यास मनाई'. आमच्याच रानात आमाला मनाई. कोंबड्या न पाळणाऱ्या सोसायटीच्या कागदावर त्यानं वनखात्याला बी पत्र धाडलंय, की पाखराच्या रक्षणासाठी अतिक्रमण हटवा. दाजी म्हणत्यात, त्यो आदी माणसं उठवणार, मंग पाखरू उठवायला त्याला किती येळ लागतोय.

तवा तुझं गप बसणं फुकट जाईल. साहेबाला घेऊन ये. आलास की डोळ्याला जे दिसंल ते लिव. आमच्यासाठी खोटं लिवू नको आन साहेबासाठी बी नको. चौदा वर्षं एका खोट्या कागदानं आमची माती केलीय, त्यात आपल्या घरातला आणखी एक कशाला.

येताना वाशीच्या बाजारातनं मला एक चांगलं खुरपं आण. जमीन राहू न्हायतर जाऊ, खुरपं लागणारच हाय.

तुझी,
आक्का


सोलापूर
दि. १० नोव्हेंबर १९८६

ती. आक्कास,
बाबूचा सप्रेम जयभीम वि. वि.

महिनाभर तुझ्या हातची भाकरी खाऊन पत्र लिहायची सवय मोडली, त्यात आज जे लिहायचंय ते लिहायला हात उचलत नाही.

आधी चांगलं. तुमच्याकडनं पाखरू उडालं त्या दिवशी आम्ही जीपनं नळदुर्गाच्या पुढं गेलो. आवाज दक्षिणेला, कर्नाटकाच्या अंगाला सरकत होता. मग बारीक झाला, मग बंद. एवढं तरी कळलं, की निदान हा एक तिकडं जातो. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याशी कानडीत बोलले. मला काही कळलं नाही, पण रडू आलं.

मग इथल्या ऑफिसात वही उघडली आणि इंग्रजी सुरू झालं. पाखरू रोज कुठं होतं ते गट नंबर घालून, नकाशावरच्या अंशांत लिहायचं होतं. मी काय लिहिलंय माहीत आहे का. 'सकाळी ७.१०, बनाबाई ज्ञानोबा ओव्हाळ यांच्या तुरीत', म्हणजे तुझ्याच. 'दुपारी ४, सरुबाईच्या मटकीच्या बांधावर.' आपल्याकडं रानाला नंबरानं कोण ओळखतं, ज्याचं त्याच्या नावानंच म्हणतात. कॅम्पभर साहेब यंत्राच्या मागं होते, वही त्यांनी आज बघितली. म्हणाले, मी पक्षी कुठं आहे विचारलं होतं, गावाची खानेसुमारी सांगितली नव्हती. आता सगळी वही नव्यानं उतरवतोय.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. साहेबांचा नियम होता की रोजच्या पानावर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही पाहिजे. त्यासाठी हिंमतराव स्वतःहून पुढं आले हे तू बघितलंसच. मी वही न्यायचो, ते चहाचा कप न ठेवता सही करायचे, वर सोसायटीचा गोल शिक्का. निघायच्या दिवशी त्यांनी तुळजापुरातनं सगळ्या वहीची झेरॉक्स काढून आणली, ती खरी नक्कल आहे म्हणून वनखात्याच्या माणसाची सही घेतली. आज कळलं की ती ते सुनावणीत लावणार आहेत. अठ्ठावीस दिवस दुर्मिळ पक्षी इथंच राहिला, म्हणून ही माणसं उठवा.

आक्का, वही माझ्या अक्षरात आहे. तू शिकवलेल्या अक्षरात. तू म्हणालीस खरं लिव, मी खरं लिहिलं, आणि तेच तुझ्या अंगावर येणार. सुनावणीला साहेब सोडत नाहीत. मी त्यांच्याशी भांडलो, म्हणालो की ते गवत आक्कानं राखलंय म्हणून पाखरू उतरलं, शेजारी हिंमतरावांच्या उघड्या माळावर का नाही उतरलं. त्यांनी ते लिहून घेतलं. पुढं काय करतील माहीत नाही.

जमीन गेली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तरी लोभ ठेव, एवढं मागतो.

तुझा,
बाबू


तामलवाडी
दि. १८ डिसेंबर १९८६

चि. बाबू यास,
अ. उ. आ. व जयभीम.

पत्र उभ्यानं वाचू नको, खाली बस.

मंगळवारी आमी सहाही घरं तुळजापूरला गेलो. हिंमतराव कडक इस्त्रीत आला होता, तुझ्या वहीची नक्कल रेशमी फडक्यात गुंडाळून, पोथी आणल्यासारखी. तहसीलदार नवा माणूस हाय, डोळे झाकून ऐकतो, आमाला वाटलं झोपला. हिंमतरावानं पाखरावर मोठं भाषण केलं. मंग वही पुढं ठिवली. तहसीलदारानं डोळे न उघडता सांगितलं की वाचा. हिंमतरावाला वाटलं आपला मान केला, त्यानं घसा साफ करून आपल्याच तोंडानं वाचायला घेतलं. सकाळी सात धा, बनाबाई ज्ञानोबा ओव्हाळ यांच्या तुरीत.

तिसऱ्या पानावर तहसीलदारानं डोळे उघडले आन इचारलं की बनाबाई कोण. म्या उभी राहिले. मंग त्यानं हिंमतरावाला इचारलं की तुमच्या अर्जात ही जमीन चौदा वर्षं पड हाय, मंग पडीत तूर कशी आली. हिंमतराव म्हणला, ती पोरानं लिवताना चूक केलीय. तहसीलदारानं वही आपल्याकडं वढून घेतली आन एक एक पान उलटलं. अठ्ठावीस पानं, अठ्ठावीस बनाबाई न्हायतर सरुबाई, आन दर पानाखाली हिंमतरावाची सही आन गोल शिक्का. त्यानं इचारलं की शिक्के बी पोरानं चुकून मारले का. हिंमतराव म्हणला, म्या न वाचता सही करत होतो. तहसीलदारानं इचारलं की सोसायटीच्या कागदावर बी तसंच करता का. हिंमतराव रेशमी फडक्याच्या घड्या घालायला लागला. सरुबाई एवढी हसली की शिपायानं तिला भायेर बसवलं.

वहीवर वनखात्याची सही हाय. म्हंजे आमी पेरतो असा सरकारी कागद झाला, आन त्यो आमच्या इरोधात आणणाऱ्यानंच आणून दिला. आमी चौदा वर्षं फिरून गावला नसता. तुझ्या साहेबाचं बी पत्र आलं होतं, ते तहसीलदारानं वाचून दावलं. त्यात लिवलंय की ह्या शेतकऱ्यांनी गवत राखलं म्हणून पक्षी राहिला, त्यांना उठवलं तर पक्षी बी येणार न्हाय. तुझं भांडण वाया गेलं न्हाय, साहेबाला माझा जयभीम सांग.

जमीन नावावर झाल्याचा पट्टा अजून हाती न्हाय, त्यो वर जिल्ह्याला ठरंल, तिथं बी चार फेऱ्या होतील. पर तवर आमाला कुणी उठवायचं न्हाय असं लिवून दिलंय. आन काल तलाठी आला. ह्या येळंला ओसरीवर न जाता सरळ बांधावर आला. वही मांडीवर घेतली, मला पुरं नाव इचारलं, म्या सांगितलं, त्यानं लिवलं. पिकाच्या रकान्यात 'तूर' लिवलं. म्या वाकून वाचलं, दोनदा वाचलं. दाजी तिकडं तोंड करून उभे राहिले, लई येळ वळले न्हाईत. म्या लाज सोडून रडले. तलाठी घाबरून म्हणला, बाई काय चुकलं का.

बाबू, तू लई मोठं काम केलंस, आन ते चुकून केलंस म्हणून कमी होत न्हाय.

तहसीलदारानं जाताना मला इचारलं की पुढच्या पावसाळ्यात गवताचा पट्टा तसाच ठिवाल का. आजवर मला कुणी सांगितलं असंल, हुकूम केला असंल, इचारलं न्हवतं. म्या जरा इचार केल्यागत केलं आन म्हणले, ठिवीन. तवा तुझ्या साहेबाला बी सांग. अंश घाला, नंबर घाला, काय बी घाला, पर पुढच्या साली माझ्या रानात यायचं तर आदी मला कार्ड टाकून इचारायचं. पाखराला तेवढी सूट हाय. त्यानं न इचारता यावं.

तुझी आक्का, म्हंजे
बनाबाई ज्ञानोबा ओव्हाळ
रा. तामलवाडी, पीक तूर